हात गुंतले की डोकं मोकळं का होतं?

मोड आलेले कडवे वाल सोलणं कोणाच्याच छंदांच्या यादीत नसतं. कोमट पाण्यातून मूठभर वाल काढायचे, एकेक चिमटीत धरून दाबायचा. डाळिंबी सटकन वाटीत, साल बोटाला चिकटलेली. किलोभर वाल असले तर तास कुठे गेला कळत नाही. काम कंटाळवाणं, पाण्यानं बोटं सुरकुततात, आणि तरीही ते करणारं माणूस सहसा निवांत दिसतं. तेच माणूस तेवढाच वेळ सोफ्यावर आडवं पडून मोबाइल बघत राहिलं, तर उठताना डोकं जड आणि चिडचीड वेगळी.

म्हणजे ज्यात शरीराला काडीचं काम नव्हतं त्यानं थकवा आला आणि ज्यात बोटं दुखली त्यानं बरं वाटलं. हिशेब उलटा दिसतो, पण तो उलटा नाही. विश्रांती म्हणजे काही न करणं, असं आपण धरून चालतो, तिथेच घोळ आहे. मन स्वस्थ बसवून स्वस्थ होत नाही. त्याला एखादं हलकं, बिनजोखमीचं काम द्यावं लागतं.

ताण उतरायला वेळ का लागतो

ऑफिसातून फोन आला, लोकल सुटली, मुलाचे गणिताचे मार्क बघितले. कारण कोणतंही असो, शरीराचा प्रतिसाद ठरलेला आहे. मेंदूतून इशारा जातो आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कामाला लागतात. अ‍ॅड्रेनालिन काही सेकंदांत रक्तात येतं: छाती धडधडते, तळहात ओले होतात. दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, जरा सावकाश येतं. प्रसंग घडल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी ते रक्तात सर्वांत जास्त असतं आणि तिथून खाली यायला तास-दीड तास सहज लागतो. गॅस बंद केला तरी कुकरचं झाकण लगेच उघडत नाही, तशातला प्रकार. त्यामुळे घरात पाऊल टाकल्याटाकल्या ‘आता जरा रिलॅक्स हो बघू’ असं म्हणणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी त्याचा उपयोग शून्य. तेव्हा शरीर ऐकण्याच्या अवस्थेतच नसतं.

आता खरी गोम. घडलेला प्रसंग आणि आठवलेला प्रसंग यांत शरीर फारसा भेद करत नाही. दुपारी तीनला साहेब बोलले. रात्री आठला जेवताना ते पुन्हा बोलतात, अकराला अंथरुणात तिसऱ्यांदा, आणि आता त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं तेही आपल्याला सुचलेलं असतं. दर उजळणीला तोच कारखाना थोडाफार पुन्हा सुरू होतो. ताण दिवसभर टिकतो तो प्रसंगामुळे कमी आणि या उजळणीमुळे जास्त.

मग मन उजळणी करतंच कशाला? कारण रिकामं असलं की ते तेच करतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण नुसते बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के ऊर्जा तो वापरतो. अवघड काम दिलं की त्याचा खर्च फारसा वाढत नाही, म्हणजे रिकामा असतानाही तो कशात तरी गुंतलेला असतो. अमेरिकेतल्या सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या स्थितीला नाव दिलं. समोर काम नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग एकत्र जागे होतात, त्या जाळ्याला आज ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. आपल्याबद्दल लोक काय म्हणतात, काल काय झालं, उद्या काय होईल, हा सगळा मामला त्या जाळ्यातला. तो वाईट नाही. कल्पना तिथूनच सुचतात, बेत तिथेच शिजतात. पण मन आधीच खट्टू असेल, तर तिथे बेत शिजत नाहीत, जुन्या गोष्टी उकरल्या जातात.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना त्यांच्या आयफोनवर दिवसात अधूनमधून गाठून विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि वाटतंय कसं? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. भरकटलेलं असताना लोक एकंदरीत कमी आनंदी होते, आणि हातातलं काम आवडीचं आहे की नावडीचं, यापेक्षा मन त्यात आहे की नाही यावरून आनंदाचा अंदाज जास्त चांगला लागत होता. वालांचं कोडं इथे थोडं सुटायला लागतं.

जागा अडवणारं काम

मेंदूत एका वेळी मोजक्याच गोष्टी हाताळता येतात. मानसशास्त्रात याला कार्यस्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचा आराखडा मांडला: शब्दांसाठी एक कप्पा, चित्रं आणि जागा यांच्यासाठी दुसरा. दोन्ही लहान. एखाद्या कप्प्यात काम भरलेलं असेल, तर त्याच प्रकारची दुसरी गोष्ट तिथे धड मावत नाही.

याचा एक गमतीशीर पुरावा टेट्रिसमधून मिळाला. हो, तोच वरून ठोकळे पडणारा खेळ. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स यांच्या गटानं २००९ मध्ये लोकांना अपघातांची भीषण दृश्यं दाखवली. अर्ध्या तासानं काहींना १० मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, बाकीच्यांना नुसतं बसवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं कमी वेळा आली. काय पाहिलं ते त्यांच्या लक्षात होतं, फक्त ते आपोआप येऊन छळत नव्हतं. ठोकळे फिरवायला चित्रांचा कप्पा लागतो. तो भरलेला, म्हणून त्या दृश्यांना जागा अपुरी पडली.

आता हे टेट्रिस बाजूला ठेवून ठिपक्यांची रांगोळी बघा. ‘१५ ते ८, मधले ठिपके’ एवढंच पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणजे मधल्या ओळीत १५, वर आणि खाली १४, मग १३, असं दोन्ही बाजूंना ८ पर्यंत यायचं. एकूण १६९ ठिपके. गेरू लावलेल्या फरशीवर उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद ठेवून रांगोळी पसरली की ते झटपट उमटतात. हात बसलेली बाई कागदाच्या भानगडीत पडत नाही. खरी परीक्षा पुढे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड सुटते. चिमूट सैल पडली की रेघ फुगते, आवळली की तुटते. कोणता ठिपका कोणाला जोडायचा, पाकळी कुठून वळवायची, हे सगळं डोळ्यांपुढे धरून ठेवावं लागतं. सातवी पाकळी वळवत असताना साहेब काय म्हणाले हे आठवून बघा. आठवत नाही, आणि आठवलंच तर पाकळी बिघडते.

हेच भरतकामाला, क्रोशाला, चित्रकलेला, लाकूडकामाला, सायकलची चेन काढून साफ करण्याला लागू आहे. शब्दकोडं शब्दांच्या कप्प्याला गुंतवतं. साहेबांशी चाललेलं मनातलं भांडण शब्दांतलं असेल, तर कोडं सोडवत बसणं कदाचित जास्त कामी येईल. हा मात्र माझा तर्क आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यचिकित्सक अशा लोकांना विचारलं की तुम्ही यात इतके रमता ते नेमकं कसं? उत्तरं आश्चर्यकारकरीत्या सारखी आली: वेळेचं भान राहत नाही, स्वतःचंही राहत नाही. त्यानं या अवस्थेला ‘फ्लो’ म्हटलं आणि तिच्या अटी मांडल्या. काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते तिथल्या तिथे कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या जरासं पुढचं हवं. फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर वैताग. पहिल्याच दिवशी यूट्यूबवर बघून राग यमन बासरीवर काढायला बसलेल्यांचा छंद आठवड्यात का संपतो, ते यावरून समजावं.

वाल सोलणं या अटींत बसत नाही, हे खरं. त्यात आव्हान कसलं? तिथे दुसरीच गोष्ट घडते. बोटांना काम असतं आणि तोंड मोकळं असतं, म्हणून चौघीजणी बसल्या की गप्पा रंगतात. समोरासमोर बसून ‘बोल, काय झालं’ असं विचारलं तर जे निघत नाही, ते नजर वालांवर असताना सहज निघतं. शिवाय ढीग डोळ्यांदेखत कमी होतो. ज्यांचा दिवस न संपणाऱ्या ईमेलींत जातो, त्यांना संपणारं काम बघणंही सुखाचं असतं.

श्वासाचा मागचा दरवाजा

आतापर्यंत मनाच्या बाजूनं पाहिलं. शरीराच्या बाजूनंही एक वाट आहे. हृदयाची गती आपल्या हुकमानं बदलत नाही, श्वासाची बदलते. आणि दोघं जोडलेले आहेत: श्वास घेताना ठोके किंचित वेगानं पडतात, सोडताना मंदावतात. हे मंदावण्याचं काम व्हेगस नावाच्या लांबलचक चेतेमार्फत होतं. उच्छ्वास लांबवला की तिचा अंमल वाढतो.

लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी इटलीत २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी तो बारा ते सोळाच्या घरात असतो. कोणी त्यांना हळू श्वास घ्या म्हणून सांगितलं नव्हतं. ओळीची लांबीच तशी होती.

गाण्याचंही तसंच. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकाच वेळी वर-खाली होऊ लागते, कारण ओळ संपते तिथे सगळे एकदम श्वास घेतात. आपल्याकडच्या भजनी मंडळावर असा प्रयोग झाला नसला, तरी लांब ओळ, टाळांचा ठेका आणि ध्रुवपदाला सगळ्यांनी उचललेला सूर हे गणित वेगळं नाही. भक्ती आहे ती आहेच. पण गुरुवारी संध्याकाळी भजनाला गेलेल्या आजी परत येताना इतक्या टवटवीत का असतात, याचं थोडं श्रेय त्यांच्या फुप्फुसांनाही द्यायला हरकत नाही.

मोबाइलवर थकवा का येतो

मोबाइलला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यावर बुद्धिबळ खेळता येतं, पक्ष्यांचे आवाज ओळखता येतात, लांब राहणाऱ्या बहिणीशी तासभर बोलता येतं. अडचण आहे ती न संपणाऱ्या रिळांची. रंजक रीळ कधी येईल याचा नेम नसतो, आणि अनिश्चित बक्षीस सर्वांत जास्त चिकटवून ठेवतं, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर गेल्या शतकातच दाखवून दिलं. दाणा दर वेळी मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबतं. कधी मिळेल ते ठाऊक नसेल तर टोचत राहतं. वर दर १५ सेकंदांना विषय बदलतो: पाककृती, अपघात, नाच, राजकारण. कार्यस्मृतीचा एकही कप्पा धड भरत नाही, त्यामुळे साहेब मध्ये मध्ये डोकावतातच. ना काम, ना आराम.

वेळ कोणाचा

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबीने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विश्रांतीचे चार घटक मांडले: कामातून मन सुटणं, शरीर सैल पडणं, काहीतरी नवं जमणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं वापरता येणं. शेवटचा घटक आपण बहुतेक वेळा विसरतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पाहुणे यायच्या आत पाच मिनिटांत उरकलेली रांगोळी आणि रविवारी दुपारी हौसेनं काढलेली रांगोळी, ठिपके तेवढेच असले तरी, एक नाहीत. पहिली काम आहे. सासूबाईंनी पुढ्यात आणून ठेवलेले दोन किलो वालही कामच.

म्हणून ‘छंद जोपासा’ हा सल्ला कोणाला देतोय ते पाहिलं पाहिजे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ज्या बाईचे पाच तास असे जातात तिला कुंडीत मोगरा लावण्याचा उपदेश करण्याआधी संध्याकाळची भांडी दुसऱ्या कोणी घासली, तर मोगरा ती आपणहून लावेल.

मर्जी जाण्याचा आणखी एक रस्ता आहे, आणि हल्ली तो फार वर्दळीचा झालाय. कोणी सुंदर केक केला की पहिली प्रतिक्रिया: ‘अगं, ऑर्डरी घे ना!’ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. स्केचपेननं चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालं. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा नुसती ठेवली, तेव्हा ही मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं त्यांची आवड शाबूत होती. मोठ्यांचं प्रशस्तिपत्र म्हणजे लाइक आणि ऑर्डर. पैशांची गरज असेल तर केक जरूर विकावेत. फक्त मग विरंगुळ्यासाठी दुसरं काहीतरी शोधावं, जे कोणाला दाखवायचं नाही आणि ज्यात वाईट निघालं तरी बिघडत नाही.

वाईट निघालं तरी चालतं, हे मनाच्या समाधानापुरतं नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कोलाजचं सामान दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल नंतर कमी भरलं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. हा निकाल पेपरात अनेकदा छापून येतो, तेव्हा सोबत हेही सांगायला हवं की अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल सकाळपासून रात्रीपर्यंत तसंही घटत जातं. या विषयातल्या बऱ्याच अभ्यासांची हीच कथा. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा प्रसिद्ध अभ्यासही फक्त ४६ रुग्णांचा आहे: पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. एकेक आकडा घट्ट धरून बसू नये, पण सगळ्यांचा रोख एका दिशेनं आहे.

आणि छंद म्हणजे औषध नव्हे. दोन आठवडे उलटूनही कशातच रस वाटत नसेल, आवडीचं गाणंही नकोसं होत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. तिथे डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. नैराश्याच्या उपचारातही एक साधी गोष्ट करून घेतात: मन लागेपर्यंत न थांबता छोटंसं काम आधी हातात घ्यायचं. इच्छा बहुधा मागून येते.

ज्यांची तक्रार एवढी मोठी नाही, नुसतं रात्री डोकं थांबत नाही, त्यांच्यासाठी दोन स्वस्तातल्या गोष्टी. झोपण्याआधी तास-दोन तास गरम पाण्यानं अंघोळ. पाणी साधारण ४० ते ४२ अंश, दहा मिनिटं पुरतात. तळहात-तळपायांकडे रक्त वळतं, तिथून उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोपेला तेच हवं असतं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा झोप सरासरी १० मिनिटं लवकर लागते असं दिसलं. अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी घाईघाईनं केलेल्या अंघोळीला हे लागू नाही. तापमान उतरायला वेळ द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट वही-पेनाची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला लावलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची. राहिलेली कामं लिहिणारे साधारण ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी बारकाईची तितकी झोप लवकर लागली. तेव्हा नुसतं ‘बँक’ लिहून भागायचं नाही. ‘बँकेत केवायसीचे कागद देणे, सोबत आधारची झेरॉक्स’ एवढं लिहा.